तो ख्रिस्तपट काढला कुणी?

नाताळ जवळ आला की आमच्या उपनगरांतील धर्मग्रामांच्या पत्रिकांत, युवक संघांच्या भित्तिपत्रकांत आणि क्वचित प्रवचनांतही एक गोष्ट हमखास भेटते. धुंडिराज गोविंद फाळके नावाच्या गृहस्थांनी गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये 'लाइफ ऑफ ख्राइस्ट' हा मूकपट पाहिला, पडद्यावर प्रभू येशूचे जीवन हलताबोलताना पाहून त्यांचे भान हरपले, आणि त्या क्षणी भारतीय चित्रपटाचा पाळणा हलला. गोष्ट खरी आहे. फाळक्यांनी स्वतःच १९१७ साली 'नवयुग' मासिकातील आपल्या लेखमालेत ती सांगितली आहे. १९१० सालच्या नाताळातील शनिवार, असे त्यांनी लिहिले; काही चरित्रकार १९११ च्या ईस्टरचा आदला दिवस देतात. सण कोणताही असो, ही गोष्ट आम्हाला प्रिय आहे, कारण तिच्यात आपला थोडासा वाटा आहे असे आम्हाला वाटते. गोरेगावच्या चित्रनगरीला दादासाहेब फाळके यांचेच नाव आहे. तिच्या एका अंगाला अंधेरी, दुसऱ्या अंगाला बोरिवली आणि डोंगरापलीकडे मुलुंड. या साऱ्या पसाऱ्याच्या मुळाशी आपला प्रभू आहे, असे सांगताना आमच्या वक्त्यांचा आवाज किंचित चढतो.

तो खुशाल चढावा. आमची तक्रार निराळी आहे. इतक्या वर्षांत ही गोष्ट आम्ही किती वेळा ऐकली याची मोजदाद नाही. परंतु तो चित्रपट काढला कुणी, हे सांगणारा वक्ता आम्हाला अद्याप भेटायचा आहे. जणू ती फिल्म कुणा मानवाने घडविलीच नाही! स्वर्गातून गुंडाळी सुटली आणि थेट गिरगावात येऊन पडली, अशा थाटात ही कथा सांगितली जाते. चित्रपटगृहाचे नाव आम्हाला पाठ, पाहणाऱ्याचे नाव पाठ, आणि ज्या हातांनी ते गोठ्यापासून कबरीपर्यंतचे दर्शन उभे केले त्या हातांविषयी मात्र अवाक्षर नाही.

ते हात एका स्त्रीचे होते. आलीस गी हे तिचे नाव; लग्नानंतर ती आलीस गी-ब्लाशे झाली. फाळक्यांविषयी लिहिणाऱ्या अनेकांनी तो चित्रपट म्हणजे पॅरिसच्या गोमों कंपनीसाठी तिने १९०६ साली काढलेला ख्रिस्तपट होय, असे नोंदविले आहे. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. फाळक्यांनी आपल्या लेखात फक्त चित्रपटाचे इंग्रजी नाव दिले आहे, आणि त्याच काळात पाथे या दुसऱ्या फ्रेंच कंपनीचा, फेर्दिनां झेका याच्या दिग्दर्शनाखाली तयार झालेला ख्रिस्तपटही जगभर फिरत होता. ज्याला झेकाच्या बाजूने बोलायचे असेल त्याने अवश्य बोलावे, पुरावे मांडावेत, आम्ही ऐकू. पण आमच्या व्यासपीठांवर तोही वाद कधी झाला नाही. वाद व्हायला आधी प्रश्न पडावा लागतो.

ही आलीस कोण? १ जुलै १८७३ रोजी पॅरिसजवळच्या सँ-मांदे येथे तिचा जन्म झाला. वडील दक्षिण अमेरिकेत चिली देशात पुस्तकविक्रीचा व्यवसाय करीत. बालपणीच तिला येशूच्या पवित्र हृदयाच्या धर्मभगिनींच्या वसतिशाळेत ठेवण्यात आले. आमच्या कित्येक आयाबहिणींप्रमाणे तीही कॉन्व्हेंटचीच विद्यार्थिनी. पुढे घरची परिस्थिती खालावली, वडील वारले, आणि आईचा भार तिच्यावर आला. लघुलेखन आणि टंकलेखन शिकून १८९४ साली ती छायाचित्रणाची साधने विकणाऱ्या एका कंपनीत चिटणीस म्हणून लागली. त्याच कंपनीची सूत्रे पुढच्या वर्षी लेओं गोमों यांच्या हाती आली. १८९५ च्या मार्चमध्ये ल्युमिएर बंधूंनी आपले हलते चित्र निवडक मंडळींना दाखविले तेव्हा प्रेक्षकांत ही बावीस वर्षांचीही नसलेली मुलगी होती. कारखान्याच्या दारातून बाहेर पडणारे कामगार पाहून सगळे थक्क झाले. हिच्या मनात आले की याहून बरे काही करता येईल, एखादी गोष्ट सांगता येईल. तिने मालकांकडे परवानगी मागितली. परवानगी मिळाली, ती या अटीवर की कचेरीच्या कामात खंड पडता कामा नये!

वाचकांनी ही अट जरा मनात घोळवावी. चित्रपट काढ, पण आधी टपाल आवर. घर, नोकरी आणि वर धर्मग्रामाचे काम ओढणाऱ्या आमच्या अंधेरी-घाटकोपरच्या भगिनींना ती अनोळखी वाटणार नाही.

कोबीच्या गड्ड्यांतून बाळे काढून देणाऱ्या परीची इवलीशी गोष्ट तिने पडद्यावर आणली. हे १८९६ साली घडले, असे ती स्वतः सांगे. अभ्यासकांत सालाविषयी वाद आहे. (मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर यांच्या चित्रांचा पहिला खेळ झाला तो ७ जुलै १८९६ चा, हे जाता जाता नमूद करतो.) त्यानंतर सुमारे दहा वर्षे गोमों कंपनीच्या चित्रनिर्मितीची सारी धुरा तिच्याकडे होती. विनोदी चित्रे, परीकथा, नृत्ये, आणि तबकडीवरच्या आवाजाशी जुळवून घेतलेली शंभरावर गाती-बोलती चित्रेही. बोलपट येण्याच्या वीस-पंचवीस वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

आता त्या ख्रिस्तपटाकडे येतो. १९०६ सालचा हा चित्रपट सुमारे ३३ मिनिटांचा आहे. त्या काळी बहुतेक चित्रे काही मिनिटांत आटोपत, हे ध्यानात घेतले म्हणजे या कामाचा आवाका समजतो. २५ प्रसंग, सुमारे ३०० सहायक नट, आणि दृश्यांची बैठक जेम्स तिसो या फ्रेंच चित्रकाराने पॅलेस्टाइनमध्ये फिरून काढलेल्या बायबलमधील चित्रांवर. जमाव हाताळण्यासाठी व्हिक्तोरँ जासे नावाचा साहाय्यक दिमतीला होता. त्याचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, पुढे लागणार आहे.

आम्ही हा चित्रपट अलीकडे पुन्हा प्रसंगागणिक पाहिला, आणि एक गोष्ट ध्यानी आली. बेथलेहेमची वाट, गोठ्यातील जन्म आणि राजांचे आगमन, मग निजलेला बाळ येशू आणि त्याच्या पाळण्याभोवती वाद्ये वाजविणारे देवदूत. हे झाले बालपण. झावळ्यांच्या रविवारापासून पुढे दुःखसहन, मरण आणि पुनरुत्थान. या दोहोंच्या मध्ये प्रभूचे सारे सार्वजनिक जीवन, त्याचे चमत्कार, त्याची शिकवण, त्याचे प्रवास. एवढ्या अफाट सामग्रीतून आलीस गीने किती प्रसंग निवडले? तीन. विहिरीवरची शोमरोनी स्त्री, याईराची मृत कन्या, आणि प्रभूचे पाय धुणारी मरिया मग्दालेना. समुद्रावर चालणारा येशू नाही, पाच भाकरींचा चमत्कार नाही, लाजरस नाही. तिन्हीच्या तिन्ही प्रसंगांत प्रभूच्या समोर एक स्त्री आहे: जिच्याशी कुणी बोलत नव्हते अशी एक, जिला सगळे मेली म्हणत होते अशी एक, आणि जिला दारातून हाकलले असते अशी एक. (पाय धुणारी ती पापी स्त्री म्हणजेच मग्दालेना, ही जुनी समजूत, लूकच्या शुभवर्तमानात त्या स्त्रीला नावच नाही. दिग्दर्शिकेने आपल्या काळची समजूत स्वीकारली, तिला त्याबद्दल दोष देता येत नाही.)

पुढे क्रूसाच्या वाटेवर वेरोनिका येते. चारही शुभवर्तमानांत ती नाही. परंपरेने तिला जपले आणि आमच्या क्रूसाच्या वाटेत सहावे स्थान दिले. बाकीचा सारा चित्रपट कॅमेरा दूर ठेवून, रंगमंचावरील देखाव्याप्रमाणे घेतलेला आहे. परंतु येथे कॅमेरा जवळ जातो. प्रभूचा चेहरा उमटलेले ते वस्त्र हाती धरून वेरोनिका थेट आमच्याकडे पाहते. त्या काळात असे जवळचे दृश्य दुर्मीळ होते, आणि सबंध ख्रिस्तपटात ते राखून ठेवले कुणासाठी, तर गर्दीतून पुढे सरसावून घाम पुसणाऱ्या एका बाईसाठी. ही निवड सहज झाली असे ज्याला म्हणायचे असेल त्याने म्हणावे. आम्हाला त्यात एक मन दिसते.

अशा मनाचे पुढे काय झाले? १९०७ साली तिने हर्बर्ट ब्लाशे यांच्याशी विवाह केला आणि ती अमेरिकेत गेली. १९१० साली तिने सोलॅक्स ही स्वतःची कंपनी स्थापन केली, आणि १९१२ साली न्यू जर्सीतील फोर्ट ली येथे स्वतःचा स्टुडिओ बांधला. नटांनी नाटकी हातवारे करू नयेत म्हणून तिने तेथे मोठ्या अक्षरांत फलक लावला होता: सहज वागा. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास धंदा ओसरला, चित्रपटाची राजधानी हॉलिवूडकडे सरकली, संसार मोडला. १९२० मध्ये तिचा शेवटचा चित्रपट आला आणि १९२२ साली ती दोन मुलांना घेऊन फ्रान्सला परतली. तेथे तिला कुणी काम दिले नाही. १९२७ साली तिने वॉशिंग्टनला जाऊन आपले चित्रपट शोधले; एकही हाती लागला नाही. हजाराच्या घरात चित्रे केलेली बाई, आणि दाखवायला एक फूट फिल्म जवळ नाही!

याहून वाईट ते पुढेच आहे. कुणी म्हणेल की त्या काळी चित्रपटांवर दिग्दर्शकाचे नाव घालण्याची पद्धतच नव्हती, तेव्हा एकट्या आलीसवर अन्याय झाला असे कसे म्हणावे? मुद्दा रास्त आहे. १९०६ साली अन्याय झालाच नाही. अन्याय झाला तो नंतर, इतिहास लिहायला बसल्यावर. तेव्हा नावे शोधून शोधून परत देण्यात आली, आणि पुरुषांना ती मिळाली. १९३० च्या सुमारास गोमों कंपनीचा इतिहास छापला गेला, त्यात १९०७ पूर्वीच्या चित्रनिर्मितीचा पत्ता नव्हता. तिने पत्र लिहून विचारले, दुरुस्तीचे आश्वासन मिळाले, दुरुस्ती झाली नाही. झोर्झ सादुल यांच्यासारख्या मोठ्या इतिहासकाराने तिचा ख्रिस्तपट त्या साहाय्यकाच्या, जासेच्या, नावावर लिहिला! ऐंशीच्या घरात पोहोचलेली ही बाई आपल्याच चित्रपटांची यादी हाताने लिहून अभ्यासकांना सांगत राहिली की हे माझे, हे माझे. फ्रान्सने उशिरा का होईना तिला 'लेजियों दोनर' हा सन्मान दिला. २४ मार्च १९६८ रोजी न्यू जर्सीत, वयाच्या ९४ व्या वर्षी तिचे निधन झाले. तिच्या आठवणींचे पुस्तक निघाले ते १९७६ साली, मृत्यूनंतर आठ वर्षांनी. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनात सेन नदीकाठी दहा फ्रेंच स्त्रियांचे सोनेरी पुतळे उभे राहिले. त्यांत एक आलीस गीचा होता. म्हणजे पॅरिसला तिची आठवण झाली. आमच्या नाताळच्या भाषणांत मात्र ती अजून यायची आहे.

आणि आता फाळक्यांच्या घरात डोकावू. त्या ख्रिस्तपटाच्या खेळाला दुसऱ्या खेपेस फाळके आपल्या पत्नीला, सरस्वतीबाईंना, बरोबर घेऊन गेले. म्हणजे भारतीय चित्रपटाच्या त्या शुभमुहूर्तावर पडद्याच्या मागे एक स्त्री होती आणि पडद्यासमोरही एक स्त्री होती. आमच्या गोष्टीतून दोघीही गळाल्या. भांडवलासाठी सरस्वतीबाईंनी दागिने दिले. कच्च्या फिल्मच्या कडांना भोके पाडावी लागत, ते काम त्या रात्री अंधारात बसून करीत. रसायने कालविणे, फिल्म धुणे, जोडणे, उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडणे हे सारे त्यांनी केले, आणि दादरच्या त्या घरात राहणाऱ्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही केला. ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशन थिएटरमध्ये 'राजा हरिश्चंद्र' झळकला. तारामतीचे काम अण्णा साळुंके या पुरुषाने केले, ही गंमत सर्वांना ठाऊक असते. ती फिल्म कुणी धुतली, हे विचारा, आणि गप्प बसलेले चेहरे पाहा. २००९ साली परेश मोकाशी यांच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' या चित्रपटाने सरस्वतीबाईंना घराघरांत पोहोचविले, हे त्यांचे उपकार.

आमच्या समाजाने तरी हे दुःख ओळखायला हवे होते. हिंदी चित्रपटसंगीताच्या सुवर्णकाळात अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड यांच्यासारख्या गोव्याकडच्या आमच्या वादकांनी आणि संयोजकांनी शेकडो गाण्यांचे स्वरलेखन केले, व्हायोलिनांचे ताफे बसविले. संगीतकाराचे नाव पडद्यावर मोठ्या अक्षरांत; यांचे एक तर साहाय्यक म्हणून बारीक टाइपात, नाही तर मुळीच नाही. त्याविषयी आमच्याच बैठकांत किती हळहळ व्यक्त होते! आपल्या माणसाचे नाव गाळले गेले की टोचते ते कोठे टोचते, हे आम्हाला नेमके ठाऊक आहे. मग दुसऱ्याचे नाव गाळताना आमचा हात का थबकत नाही?

दुसऱ्याचे कशाला, घरचेच घ्या. आमच्या एका उपनगरी धर्मग्रामाच्या महोत्सवी स्मरणिकेत प्रमुख धर्मगुरूंची छायाचित्रे क्रमाने होती, विश्वस्तांची नावे होती, मंडप कंत्राटदाराचे आणि ध्वनिक्षेपक पुरविणाऱ्याचे आभार होते. रविवारच्या धर्मशिक्षणाला ज्या भगिनींनी पिढ्यान्‌पिढ्या मुले घडविली, वेदीची वस्त्रे धुऊन इस्त्री केली, सणाच्या जेवणासाठी पहाटे चारपासून चुलीशी उभ्या राहिल्या, आजाऱ्यांच्या उशाशी बसून रोझरी म्हटली, त्यांच्यासाठी एक वाक्य होते: महिलांचेही मोलाचे सहकार्य लाभले. त्या 'ही' वर आम्ही बराच वेळ थांबलो.

यावर आमचे काही ज्येष्ठ बंधू म्हणतात, नावाचा एवढा सोस कशाला? प्रभूला सर्व ठाऊक आहे. उजवा हात काय देतो हे डाव्याला कळू नये, ही त्याचीच शिकवण. क्षमा असावी, पण ही शिकवण देणाऱ्याला केलेली आहे. घेणाऱ्याने देणारणीचे नाव दडवून ठेवावे, असे त्यात कोठे आहे? स्वतःचे नाव मागे ठेवणे ही नम्रता होय. दुसऱ्याचे नाव मागे ठेवण्याला मराठीत निराळा शब्द आहे. बेथानीत प्रभूच्या मस्तकावर सुगंधी तेल ओतणाऱ्या स्त्रीविषयी प्रभू म्हणाला की जगात जेथे जेथे शुभवर्तमान सांगितले जाईल तेथे हिने जे केले तेही हिच्या आठवणीसाठी सांगितले जाईल. आणि मत्तय व मार्क या दोघांनीही हे वचन लिहून ठेवताना तिचे नाव लिहिले नाही! ते योहानाने पुरविले. लूक मात्र या बाबतीत दक्ष. प्रभूबरोबर फिरणाऱ्या आणि स्वतःच्या पैशाने त्याचा व शिष्यांचा चरितार्थ चालविणाऱ्या स्त्रियांची तो नावे देतो: मरिया मग्दालेना, हेरोदाच्या कारभाऱ्याची पत्नी योहान्ना, सुसान्ना. खर्च कुणी केला हे लिहून ठेवण्यात शुभवर्तमानकाराला कमीपणा वाटला नाही. मग्दालेनेवरचा पापिणीचा शिक्का पुसायला ख्रिस्तसभेला शतके लागली. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी २२ जुलैचा तिचा स्मरणदिन प्रेषितांच्या सणांच्या बरोबरीला आणला. उशीर झाला, पण दुरुस्ती झाली.

आमचे मागणे त्या मानाने लहान आहे. १९०६ चा तो चित्रपट आज कुणालाही विनासायास पाहता येतो. येत्या उपवासकाळात अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील धर्मग्रामांनी एकेका शुक्रवारी, क्रूसाच्या वाटेची भक्ती झाल्यावर, तो सभागृहाच्या भिंतीवर दाखवावा. तेहतीस मिनिटांत कुणाची शेवटची बस चुकणार नाही. एखाद्या मुलीने पेटीवर वा व्हायोलिनवर साथ करावी, मूकपटांना ती असेच. आरंभी निवेदकाने स्पष्ट उच्चारात सांगावे की दिग्दर्शन आलीस गी यांचे आहे. फाळक्यांची गोष्ट सांगायचीच असेल तर सरस्वतीबाईंसह सांगावी. आणि पुढची स्मरणिका छापखान्यात जाण्यापूर्वी धर्मशिक्षण देणाऱ्या, वेदीची वस्त्रे सांभाळणाऱ्या, सणाचे जेवण रांधणाऱ्या भगिनींची यादी, हयात आणि दिवंगत, नावआडनावासह तयार करावी. जागा पुरत नाही, असे संपादक मंडळ सांगेल, हे आम्ही आधीच जाणतो. तसे असेल तर शुभेच्छांच्या जाहिरातींची दोन पाने कमी करावीत. त्या जाहिरातींत नाव छापायचे राहून गेलेला दुकानदार आमच्या तरी पाहण्यात नाही.